पेनगंगेकडून थेम्सकडे, मामामार्गे

आदिलाबादेत पाहुणा आला की चहा यायच्या आत दोन प्रश्न होतात: कापसाला काय भाव लागला, आणि पोरगा कुठं लागला. आमच्या घरात हल्ली तिसराही आहे: "पोराचं ते फेलोशिपचं कुठवर आलं?"

हैदराबादेत इंजिनिअरिंग करून अमेरिका गाठणारी पोरं आम्हाला नवी नाहीत. पण माझा भाचा पडला वेगळा. तो उटनूरकडच्या गावांमधून जमिनीच्या पट्ट्यांचे कागद गोळा करणाऱ्या एका संस्थेत आहे, पगार चारचौघांत सांगण्याजोगा नाही, आणि त्याला वर्षभर लंडनला जाऊन सार्वजनिक धोरण शिकायचं आहे.

"धोरण म्हंजे काय काम असते रे बाप्पा?" माझ्या आईनं विचारलं.

"आजी, सरकारनं काय करावं ते सांगाचं."

"ते तं तुहा आबा रोज बसस्टँडवर सांगे. त्याले कोनी नाही नेलं लंडनाले."

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग नावाची शिष्यवृत्ती आहे. फी, विमानभाडं, राहण्याजेवण्याचा खर्च, सगळं तेच देतात. अर्जाला मुख्य अट ही की गाठीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा, आणि ही दोन वर्षं ते तासांत मोजतात: 2,800 तास. बिनपगारी कामही धरतात म्हटल्यावर माझी बहीण पोळपाट बाजूला सारून उठली. "बिनपगारी चालते? मंग मले तं नुसत्या सयपाकावर डॉक्टरेट द्या लागन." भाच्यानं निमूटपणे स्वतःचे तास मांडायला घेतले. तहसीलच्या व्हरांड्यात साहेबाची वाट पाहण्यात गेलेला वेळ कामात धरायचा की नाही, यावर आमच्यात मतभेद झाले. माझं म्हणणं, धोरणाचा खरा अभ्यास तिथंच होतो, धरलाच पाहिजे.

मग निबंध. मी मराठी शाळेतला मास्तर, म्हणून खानदानातलं सगळं लिखाण माझ्याकडे येतं: सोयरिकीचा बायोडाटा, वीजबिलाची तक्रार, आणि आता हे. पहिला निबंध नेतृत्वावर. आपण पुढारीपण केलं हे आपणच लिहायचं, आणि तेही लाज न वाटता. आमच्याकडे असं लिहिणाऱ्याला थेट सरपंचकीला उभं करतात. दुसरा निबंध नेटवर्किंगचा, म्हणजे ओळखीपाळखीचा. यात भाचा अडला; म्हणे, आपलं नेटवर्क नाही. अरे, ज्याचा मावसभाऊ जिनिंगमध्ये, आत्या किनवटला, चुलत सासरा राजुऱ्याला आणि मित्र तेलुगू, उर्दू, गोंडी, मराठी बोलणारे, त्याचं नेटवर्क नाही? किनवट आणि राजुरा 1956 मध्ये आमच्या जिल्ह्यातून तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आताच्या महाराष्ट्रात गेली, तरी लग्नपत्रिका थांबल्या नाहीत. मी ते सगळं लिहून दिलं.

शिफारसपत्रांबद्दल फार बोलत नाही. "तूच लिहून आण, मी सही ठोकतो," हे वाक्य ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी या देशातली अर्धी पोरं घरी बसतील. भाच्यानं स्वतःची इतकी स्तुती लिहिली की सही करणारे सर मध्येच थांबून म्हणाले, "हा कोण आहे?"

या भानगडीत मला राहून राहून हायमेनडॉर्फ आठवतो. धोरणाचा अभ्यास करायला आमची पोरं युरोपात जातात. 1940 च्या सुमारास तिकडचा माणूस इकडे आला होता. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. रॉकफेलर फेलोशिपवर आधी लंडनला शिकला, मग नागांच्या डोंगरात हिंडला. 1939 मध्ये पुन्हा भारतात आला आणि महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया हिटलरनं गिळलेला, म्हणून याच्या खिशात जर्मन पासपोर्ट. इंग्रजांच्या लेखी तो शत्रू. त्याला निजामाच्या राज्याबाहेर जायची बंदी झाली, आणि आमचा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी फेलोशिप ही मुळात नजरकैद होती! तिला ना निबंध, ना शिफारसपत्र, ना मुलाखत.

1940 मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेल्या गोंडांचा पुढारी कुमरम भीम पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. गोंड का पेटले, हे निजाम सरकारला तेव्हा कुणाला तरी विचारावंसं वाटलं, आणि हाताशी हा होता. तो बायकोसह, बेटीबाईंसह, मारलवाई गावात जाऊन राहिला, गोंडी शिकला आणि लिहिलं ते सरकारला बोचेल असं: जंगल राखीव करून आणि बाहेरच्यांना पट्टे वाटून तुम्हीच यांना भूमिहीन केलं. नवल म्हणजे सरकारनं ऐकलं. हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. 1943 मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र निघालं आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. मास्तर म्हणून माझा ऊर भरून येतो तो इथं. धोरणाचा अहवाल कपाटात न जाता शेतात गेला, अशी उदाहरणं मी भाच्याला पुष्कळ शोधून देऊ शकलेलो नाही.

पुढे तो लंडनला प्राध्यापक झाला, आणि त्याचे फोटो, फिल्मा लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये गेल्या. आमच्या भागातल्या कुणाला आपल्या आजाचा तरुणपणचा चेहरा मूळ फोटोत पाहायचा असेल तर आता व्हिसा लागतो. परत येण्याची अट मात्र नवराबायकोनं पाळली. बेटीबाई 1987 मध्ये गेल्या, त्यांची समाधी मारलवाईतच आहे. साहेबांच्या अस्थीही पुढे तिथंच आणल्या. चेव्हनिंगवाले शिकून झाल्यावर मायदेशी दोनच वर्षं मागतात.

तेलंगण सरकारचीही परदेशी शिक्षणाची मदत आहे: अनुसूचित जातींसाठी आंबेडकरांच्या नावानं, मागासवर्गीयांसाठी महात्मा फुल्यांच्या. बाबासाहेब स्वतः 1913 मध्ये बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर कोलंबियाला गेले होते, आणि अट होती परतल्यावर दहा वर्षं चाकरीची. परतल्यावर बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. हे कुठल्या निबंधात बसवायचं, भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, बसवू नकोस, नुसतं ठेव.

पौषात अमावस्येला केसलापूरची नागोबाची जत्रा भरते. तिथला दरबार हायमेनडॉर्फच्याच सल्ल्यानं सुरू झालेला: मंडपात अधिकारी बसतात आणि लोक उभं राहून गाऱ्हाणं सांगतात. इथं शब्दमर्यादा नसते. भाचा टिपणं घ्यायला गेला, मी जत्रा पाहायला. एका म्हाताऱ्या गोंडानं त्याला वहीसकट पकडलं.

"काय लिहितं रे?"

"मी लंडनाले चाललो बाबा, शिकाले. तुमच्या जमिनीचंच."

म्हाताऱ्यानं त्याला खालीवर पाहिलं. "मंग तिकडं त्या साहेबाचे कागद असतीन. माह्या बापाच्या पट्ट्याचा नकाशा भेटते का पाहून येजो. इथल्या ऑफिसात तं सापडून नाही राहिला."

भाच्यानं हे तसंच्या तसं 'भविष्यातल्या योजना' या निबंधात घातलं. शब्द जास्त झाले, म्हणून जिनिंगमधला मावसभाऊ कापावा लागला. तो अजून माझ्याशी बोलत नाही.