उष्ट्यावरून ओळख

पक्षी बघायला जाणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण तो लांबूनच. पहाटे चारला उठायचं, मातकट कपडे चढवायचे, शिंक आली तर नाक दाबून धरायचं, आणि एवढं करून शेवटी 'तो बघ, तो बघ... गेला' इतकंच पदरात पडायचं. हे ज्यांना जमतं त्यांना दंडवत. मी ज्या पक्ष्याच्या नादी लागलो आहे, त्याला यातलं काहीही लागत नाही. पर्थच्या पूर्वेकडच्या डोंगरात काळे काकाकुवे बघायला पोटभर नाश्ता करून निघालं तरी चालतं. तुम्ही लाल टी-शर्ट घातलाय का, मोठ्याने बोलताय का, याची त्यांना पर्वा नसते. त्यांचं सगळं लक्ष खाण्यात असतं. आणि खाताना जी कुरकुर चाललेली असते, त्यात तुमचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

काकाकुवा म्हटलं की आपल्यासमोर उभा राहतो तो पांढराशुभ्र, पिवळ्या तुऱ्याचा, सर्कशीत सायकल चालवणारा. त्याचे हे काळे भाऊबंद ऑस्ट्रेलियात रानोमाळ हिंडतात. जवळजवळ दोन फूट लांबीचे, सावकाश पंख हलवत जाणारे, आणि दुरूनच आपण येत असल्याची वर्दी देणारे. देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात त्यांचे तीन प्रकार भेटतात. एकाच्या शेपटीत लाल पट्टा. याला इथले मूळ रहिवासी नूंगार लोक 'करक' म्हणतात, तो ओरडतोच तसा. उरलेल्या दोघांच्या शेपटीत पांढरा पट्टा. एक बॉडिनचा, दुसरा कार्नबीचा. या दोघांत फरक काय, तर बॉडिनची वरची चोच थोडी लांब. झालं. आता पन्नास फूट उंचीवरच्या फांदीत, उन्हाकडे तोंड करून, हलत्या पक्ष्याची चोच मोजा.

बॉडिनच्या काकाकुव्याला शास्त्रीय नाव देणारा माणूस कोण असावा? एडवर्ड लिअर! इंग्रजीत ज्याच्या अर्थशून्य, गमतीशीर कवितांवर पिढ्या पोसल्या, तोच. विशीतल्या या पोराने पोपटांच्या चित्रांचा एक देखणा ग्रंथ काढला आणि त्यात 1832 साली हा पक्षी नावानिशी आला. पुढे 1873 च्या नोव्हेंबरात हे गृहस्थ चित्रं काढायला मुंबईतही उतरले होते. कार्नबीच्या काकाकुव्याला मात्र 1948 पर्यंत स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं. तोवर तो बॉडिनच्याच खात्यात जमा होता. शंभरावर वर्षं या दोघांत कुणाला फरक दिसला नाही, यावरून आमच्यासारख्यांनी काय ते समजून घ्यावं.

आमच्या गटात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मी रीतसर दुर्बीण डोळ्याला लावून मान मोडेपर्यंत वर बघत होतो. बाई कंबरेत वाकून जमिनीवरून काहीतरी वेचत होत्या. म्हणाल्या, "अरे, वर काय बघतोस? सगळं इथे खाली लिहिलेलं असतं." खाली मारीच्या फळांचा सडा पडला होता. मारी म्हणजे निलगिरीच्या कुळातला एक थोराड वृक्ष. त्याचं फळ दिसतं संक्रांतीच्या सुगडासारखं, फक्त लाकडाचं आणि मुठीत मावणारं. बाईंनी दोन फळं माझ्या तळहातावर ठेवली. एकाचा काठ चावून चावून अर्धा उडवलेला, जणू घरात ऐवज कमी आणि दार फोडण्याचीच हौस जास्त. "हा लाल शेपटीवाला." दुसरं फळ धडधाकट, काठावर अगदी बारीक खुणा, आत डोकावलं तर बी गायब. "आणि हा बॉडिन." लांब चोच आत घालून याने कुलूप न तोडता तिजोरी साफ केली होती. तेव्हापासून माझी दुर्बीण पिशवीतच असते. आमचा गट रानात शिरला की सगळे मान खाली घालून चालतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, यांची सामुदायिक अंगठी हरवली आहे.

वर बघण्यासारखं नसतं असं मात्र नाही. एकदा लाल शेपटीचा एक नर अगदी हाताच्या अंतरावरच्या वाकलेल्या फांदीवर बसला होता. त्याने फळ देठासकट तोडलं, डाव्या पायात धरलं, मान तिरकी करून एकदा पारखलं, आणि मग ते पायातल्या पायात फिरवत काठ कुरतडायला घेतला. काळी, जाडजूड जीभ मधूनच आत जाऊन बी टिपून आणायची. बहुतेक काकाकुवे डावखुरे असतात. आमच्या आजीने त्याला पंगतीतून उठवलाच असता. दोन-चार बिया खाऊन झाल्यावर त्याने ते फळ खाली सोडून दिलं. अर्धं शिल्लक होतं. लगेच दुसरं तोडलं. पानात टाकू नये हा संस्कार या कुळात नाही. शेजारी मादी बसली होती. पंखांवर पिवळे ठिपके, शेपटीवर नारिंगी पट्टे, नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त नटलेली. तिच्या पलीकडे त्यांचं चिरंजीव. आकाराने आईएवढं, उडता येतं, चोच शाबूत, पण फळ स्वतः फोडायचं नाव नाही. त्याचं एकसुरी घरघरणं चालूच. आईने घास तोंडात घातला की तेवढ्यापुरतं घशातून गुळण्या केल्यासारखं व्हायचं, आणि घास उतरला की पुन्हा मूळ पदावर. याच्या वयाचं एक आमच्याही घरात आहे, त्यामुळे आम्ही उभयतांनी त्या मादीकडे विशेष सहानुभूतीने पाहिलं.

गेल्या काही वर्षांत हे लाल शेपटीवाले डोंगर उतरून शहरात येऊ लागलेत. कशासाठी, तर बकाणा निंबाच्या फळांसाठी. इथे त्याला केप लायलॅक म्हणतात आणि सावलीसाठी रस्तोरस्ती लावलेला आहे. आपल्याकडे त्या फळांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. माणसाला ती विषारीच. इथे मात्र त्या झाडाखाली मोटार लावायची म्हणजे टपावर गोट्यांचा पाऊस. शेजारी चरफडतात. मी खुर्ची टाकून बसतो.

ही सगळी चंगळ बघून कुणाला वाटेल, यांचं उत्तम चाललंय. तसं नाही. तिघंही संकटग्रस्तांच्या यादीत आहेत. घरटं करायला यांना झाडाची ढोली लागते, आणि यांचं अंग मावेल अशी ढोली पडायला झाडाला शंभर-दोनशे वर्षं लागतात. तेवढी म्हातारी झाडं राहिलीत किती? म्हणून लोक आता प्लॅस्टिकची जाडजूड नळकांडी झाडांवर टांगतात, आणि जोडप्याला कुरतडायला म्हणून आत लाकडंही ठोकून देतात. कार्नबीचं मुख्य अन्न बँक्सियाच्या रानात. ती रानं तोडून वसाहती झाल्या. आमचं घरही तशाच तोडलेल्या रानाच्या जागी उभं आहे. मग पक्षी परक्या पाइनच्या लागवडीवर जगायला शिकले, तर तोही पाइन कापणीला आला. बॉडिन सफरचंदाच्या बागांत शिरतो, गर फेकून फक्त बिया खातो, आणि बेकायदा असूनही काही बागवाले बंदूक काढतात. फळ खाल्लं असतं तर एक वेळ माफ केलं असतं, हा अपमान त्यांना सोसत नसावा.

दर वर्षी एका संध्याकाळी शेकडो स्वयंसेवक या पक्ष्यांची मुक्कामाची झाडं गाठून शिरगणती करतात. आम्हीही एका झाडाखाली सतरंजी पसरून बसलो. सूर्य बुडायला आला तशी टोळकी उतरू लागली. बायको आकडे लिहीत होती, मी सांगत होतो. मोजून होतात न होतात तोच सगळे एकदम उडाले, एक चक्कर मारली, जागांवरून भांडले आणि उलटसुलट होऊन परत बसले. पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या झाडाखाली दोन जाणकार, वर बसलेले पांढरे पट्टेवाले बॉडिन की कार्नबी यावर अंधार पडेपर्यंत हमरीतुमरीवर आले होते. बायकोने शांतपणे फॉर्म त्यांच्यापुढे धरला. त्यात दोनच रकाने होते: पांढरी शेपटी, लाल शेपटी. दोघांनी तो नीट वाचला, तिला परत दिला, आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.