भावोजींच्या दोन बोटी

निवृत्त माणसाने दिवेआगरला यावं, वाडीत झोपाळा टाकावा, दुपारी उकडीचे मोदक चेपून आडवं व्हावं, अशी जगरहाटी आहे. आमच्या भावोजींना ती मान्य नाही. त्यांना शिडाची बोट घ्यायची आहे. होडी म्हटलेलं त्यांना चालत नाही. आत चौघांना झोपता येईल, चहा करता येईल आणि वाऱ्यावर कोचीपर्यंत जाता येईल, अशी बोट. नवी परवडत नाही म्हणून जुनी, आणि जुन्यांतल्या दोन त्यांच्या मनात भरल्या आहेत. एक मुंबईत, एक गोव्यात. तेव्हापासून आमच्या पडवीत दुसरा विषय निघालेला नाही.

मुंबईवाली 32 फुटांची. तिच्या तळाचा कणा जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत सलग, आणि सुकाणू त्याच कण्याच्या शेपटाला टांगलेलं. वजनाला भारी, वळायला आळशी, पण एकदा सरळ लागली की लाटा काहीही म्हणोत, ती आपली चालतेय. गोव्याची 34 फुटांची. तिचा कणा आखूड आणि खोल, सुकाणू स्वतंत्र. त्यामुळे चपळ, बोटभर इशाऱ्यावर गर्रकन फिरणारी. दोघीही फायबरच्या आणि दोघीही भावोजींच्या लग्नाच्या वेळच्या.

सोमवारी भावोजी मुंबईच्या बाजूने असतात. मग सुहैलीची कथा होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा बोटीवरचा इंग्रज अधिकारी. त्याने 1960 च्या दशकात मुंबईत, इथल्या सुतारांकडून, सागवानात 32 फुटांची सुहैली बांधून घेतली. त्याने इंग्लंडहून मागवला होता वेगळाच आराखडा. टपालाने आला तो 1920 च्या दशकातला, जुनाट. परत मागवत बसायला वेळ नव्हता, म्हणून तोच बांधला. त्याच बोटीतून त्याने 1968-69 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 312 दिवसांत, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला. त्या शर्यतीच्या स्मरणार्थ 2018 मध्ये नवी गोल्डन ग्लोब शर्यत झाली, तिचा नियमच असा की बोट 32 ते 36 फुटांची हवी, कणा लांब हवा आणि आराखडा 1988 च्या आधीचा हवा. "म्हणजे जुनी बोट हा नाइलाज नाही," भावोजी बोट नाचवत म्हणतात, "पात्रता आहे!"

गुरुवारी गोव्याचा पक्ष वर येतो. तिथल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली म्हादेई ही शिडाची बोट घेऊन दिलीप दोंदे 2009 मध्ये मुंबईहून निघाले आणि 2010 मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून परतले, भारतीयांत पहिले. म्हादेई 56 फुटांची आणि तेव्हा कोरी करकरीत होती, भावोजींची 34 फुटांची आणि चाळिशी उलटलेली, हा फरक मी दाखवला. भावोजी म्हणाले, पाणी तेच आहे ना.

बोट कशी तपासायची तेही त्यांनी शिकून घेतलं आहे. लाकडी हातोडीने हळूच ठोकत जायचं. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर फायबरचे पापुद्रे आतून सुटले. पाण्याखाली फायबरला फोड येतात ते वेगळे. प्रत्यक्ष बोट समोर नसल्याने सराव आमच्या गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चालतो. टाकी उत्तीर्ण झाली. आमचा जुना फ्रिज नापास.

ताईने दोन्ही बोटींचे फोटो चष्मा लावून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला : संडास कुठाय? मुंबईवालीत तो पुढच्या झोपायच्या जागेला लागून, मध्ये पडदा. "कोचीपर्यंत पडदा?" ताई म्हणाली. त्या संध्याकाळी गोव्याची बोट बरीच पुढे गेली.

भरडखोलच्या तांडेलांना मीच बोलावलं होतं. त्यांनी दोन्ही पक्ष शांतपणे ऐकले, सुपारी कातरली आणि विचारलं, "खाली किती बुडतंय?" साडेपाच-सहा फूट. तांडेल समुद्राकडे बघत राहिले. दिवेआगरचा किनारा लांबलचक आणि उतार इतका सावकाश की ओहोटीला पाणी गाठायचं तर तंगडतोड करावी लागते. धक्का नाही. "दोन्ही उताण्या पडतील," तांडेल म्हणाले. "आणि पावसाळ्यात ठेवणार कुठं?" 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सगळ्या होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. शिडाचाच शौक असेल तर राजपुरीला जावं, तिकीट काढून शिडाच्या होडीतून जंजिरा बघून यावा, संध्याकाळी घरी, असाही त्यांनी सल्ला दिला.

पावसाळ्याचा तोडगा भावोजींकडे होता. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या, ती मोकळी जागा. तिथे मी नवी रोपं लावली आहेत, ती आता कुठे डोक्याच्या वर चालली आहेत, हे सांगेपर्यंत टेप बाहेर आला होता. एक टोक माझ्या हातात. 32 फूट नीट बसतात. 34 ला विहीर आडवी येते. विहीर हलवता येईल का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

वाऱ्यावर जायचं म्हटलं तरी इंजिनाबद्दल मात्र गाव त्यांचं ऐकून घेत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये, दहीहंडीच्या तोंडावर, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची रिकामी यॉट लागली होती. आत तीन एके-47. जिल्हाभर नाकाबंदी. शेवटी निघालं काय, तर मस्कतहून युरोपला निघालेली ती यॉट. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना कोरियाच्या जहाजाने वाचवलं आणि बोट लाटांबरोबर इकडे आली. तेव्हापासून इथे कुणी यॉट म्हटलं की समोरचा आधी इंजिनाचं विचारतो आणि मग आवाज खाली आणून, आत काय आहे ते.

परवा भावोजींना तिसरी सापडली. 26 फुटांची, पोटाखाली एकाऐवजी दोन कणे. ओहोटीला आडवी न होता दोन पायांवर उभी राहते. तांडेल पहिल्यांदाच "चालंल" म्हणाले. वाडीत विहिरीला न शिवता बसते. संडासाला दार आहे. फक्त आत भावोजींना ताठ उभं राहता येणार नाही, मान कोचीपर्यंत वाकडी. ताई म्हणाली, हीच घ्या.

भावोजींनी बोर्लीहून नवी वही आणली आहे. तीत तीन रकाने आखले आहेत आणि चौथ्यापुरती जागा सोडली आहे.