रायफल घेणार असलेले नाखवा

मिक्सर घ्यायचा तर मोटरीच्या गुंडाळ्यांची चौकशी करणारा आणि चौकशी पुरी होईपर्यंत बायकोला पाट्यावर वाटायला लावणारा माणूस तुमच्याही ओळखीत असणारच. त्याची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. कफ परेडच्या मच्छीमार नगरातले आमचे नाखवा त्याच जातकुळीतले. त्यांनी अभ्यासाला घेतलेली वस्तू मात्र मिक्सर नाही, रायफल आहे. तीही सेमी-ऑटोमॅटिक. अभ्यास कधी सुरू झाला ते घरात कोणाला आठवत नाही आणि खरेदी कधी होणार हे विचारायचं आता सगळ्यांनी सोडून दिलंय.

एरवी ते समुद्रात असतात, त्यामुळे आपण सुरक्षित असतो. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारीला सरकारी बंदी. होड्या ओढून वर घेतल्या जातात, त्यांच्यावर निळं प्लास्टिक चढतं, बाकीचे लोक जाळी शिवायला बसतात आणि नाखवा माणसं पकडायला बसतात.

"रायफल घेताना पयली गोष्ट काय बघायची?"

आपण तोंड उघडेपर्यंत उत्तर येतं. "माप!"

रायफलीचा दस्ता खांद्यात रुतून बसला पाहिजे, गाल वर अलगद टेकला पाहिजे, मान न वाकवता डोळा नेमावर आला पाहिजे. ढोबळ परीक्षा अशी, की दस्त्याचं टोक कोपराच्या बेचक्यात टेकवलं तर बोटाचं पेर चापापाशी पोचलं पाहिजे. हे सगळं शंभर टक्के खरं आहे. पंचाईत एवढीच, की रायफल हाताशी नसल्यामुळे नाखवा ही परीक्षा जगातल्या उरलेल्या सगळ्या वस्तूंवर करतात. छत्री दिसली की खांद्याला. झाडू, वल्हं, पडद्याची दांडी, लग्नाच्या मांडवाचा सुटा बांबू, सगळं खांद्याला. एक डोळा मिटायचा, श्वास अर्धा सोडून धरायचा, क्षणभर समुद्राकडे रोखून बघायचं आणि वस्तू खाली ठेवत निकाल द्यायचा, "मापान नाय."

माझी फोल्डिंगची छत्री त्यांनी अशीच नापास केली. चर्चगेटला फलाटावर एका अनोळखी आजोबांची काठी उचलली, तेव्हा शेजारी उभा असलेला हवालदार दोन पावलं पुढे आला. नाखवांनी त्याच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे नजर टाकली आणि त्याच्या उंचीला ती कशी लांब पडते ते समजावून सांगितलं. हवालदार बिचारा ऐकत राहिला, कारण ती खरोखरच लांब पडत होती. पुतणीच्या हळदीत फोटोवाल्याचा तिपाई स्टँड तपासून झाला. आजवर एकच वस्तू पास झालीय. ससून डॉकला लिलावाच्या वेळी त्यांनी एक भलीमोठी सुरमई शेपटीकडून खांद्याला लावली, गाल टेकवला आणि डोळे मिटून म्हणाले, "ही बघा! ही मापान हाय." वहिनींनी पाच मिनिटांत ती विकून टाकली.

मापावरून गाडी यंत्रावर येते. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटणार. पण रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं नळीत भरायचं काम रायफल स्वतःच करते. बावीस बोअरच्या हलक्या रायफलीत हे काम सुटलेल्या काडतुसाच्या धक्क्यावरच चालतं. म्हणून काडतूस नरम निघालं की धक्का कमी पडतो आणि यंत्र अर्ध्यात अडकतं. डावखुऱ्या माणसानं घेऊ नये, रिकामी काडतुसं तोंडासमोरून उडतात. काडतुसांचा खर्च आधी मोजावा, कारण हे यंत्र दारूगोळा खातं फार भराभर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅगझिन काढलं की रायफल रिकामी झाली असं समजायचं नाही, एक काडतूस आत नळीत बसलेलं असतं. हे शेवटचं वाक्य मच्छीमार नगरातल्या चौथीच्या पोरांनाही पाठ आहे. त्यांतल्या एकानंही मॅगझिन पाहिलेलं नाही.

खाऱ्या हवेचा प्रयोग तर मी डोळ्यांनी बघितलाय. खिडकीच्या चौकटीत दोन खिळे ठोकलेले, एक तेल लावलेला, एक कोरडा. समुद्रावर राहणाऱ्यानं रायफल घ्यावी का, हे त्या खिळ्यांवरून ठरणार होतं. कोरडा गंजला. तेलाचाही गंजला, जरा सावकाश. त्यावरून नाखवांनी काय निष्कर्ष काढला ते कळलं नाही, पण आता तिथे तिसरा खिळा आहे.

कायद्याचा विषय मीच एकदा गाफीलपणे काढला. "नाखवा, आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मिळते का हो साध्या माणसाला?"

"नाय मिळत," ते शांतपणे म्हणाले. आणि 1959 च्या शस्त्र कायद्यापासून सुरू झाले. 2016 च्या नियमांत ही शस्त्रं निर्बंधित गटात येतात, सामान्य नागरिकाच्या हाती सहसा लागतच नाहीत. साधी बंदूक म्हटली तरी पोलीस आयुक्तांकडे अर्ज, कारण, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण, ते घरात कुठे नि कसं ठेवणार त्याची हमी. शिकार म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो दरवाजाच बंद केलाय. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला बंदुका दोनच. आधी तीन ठेवता यायच्या. ही कपात नाखवांनी अशी मनाला लावून घेतलीय, की जणू त्यांच्याच घरातून एक जप्त करून नेली असावी.

"बरं, ऑलिम्पिकला तरी चालते?"

"नाय. तिथं रायफलीत दर वेळी एकच गोळी, तीपन हातानं भरायची."

म्हणजे जी वस्तू मिळत नाही, शिकारीला चालत नाही नि ऑलिम्पिकमध्ये बसत नाही, तिचा हा अभ्यास! मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी माझ्या हातातली वर्तमानपत्राची सुरळी काढून घेतली आणि खांद्याला लावली.

मच्छीमार नगर आणि रायफल एका वाक्यात आली की बाहेरचा माणूस लगेच आवाज खाली आणतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला करायला आलेले दहाजण रबरी होडीतून उतरले ते याच किनाऱ्याला. कटकला भारत-इंग्लंड सामना चालू होता, बरीच वस्ती टीव्हीसमोर होती. नाखवाही. एका पाहुण्यानं चहा पिता पिता सहानुभूतीनं विचारलं, "त्या रात्रीमुळेच ना, रायफलचं?" नाखवांना एवढं संतापलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"काय संबंध? त्या रातीला इथल्या मानसांनी होडी बघितली, कोन तुमी म्हनून विचारलं, पोलिसांना सांगितलं. यात रायफल कुठं लागली? गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याला धरला तवा ओंबळेसाहेबांच्या हातान काय होतं? लाठी! मना रायफल पायजे ती ठिपका मारायला. खेल हाय तो. मानसांवर धरायची ती वस्तूच वेगली." पाहुणा चहा अर्धा टाकून निघून गेला. नाखवा बराच वेळ गप्प होते. त्या संध्याकाळी त्यांनी काहीच खांद्याला लावलं नाही.

या माणसाबद्दल चांगलं लिहायची माझी तयारी नव्हती. पण त्यांच्या भाच्याचं प्रकरण लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. मोबाइलवर गोळ्या झाडत वाढलेलं कॉलेजातलं पोर. त्याला "खरी" सेमी-ऑटोमॅटिक हवी झाली. कोणाच्या तरी ओळखीनं कुठून तरी मिळते असंही त्याला कोणी सांगितलं होतं. दुसऱ्या मामानं एक ठेवून दिली असती. नाखवांनी त्याला समोर बसवून अभ्यास ऐकवला. कशाला हवी? ठेवशील कुठं? काडतुसं कोण देणार? विनापरवाना सापडलास तर जामीन कोण राहणार? मॅगझिन काढल्यावर आत काय राहतं? हे कित्येक संध्याकाळी चाललं. पोराची खाज पार मेली. ती मेल्यावर नाखवांनी त्याला वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर नेऊन उभं केलं. रायफल विकत घेऊ नको, आधी तिथलीच वापर, हात बसू दे, मग बघू. अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून वर आल्या आणि सिडनीच्या फायनलपर्यंत गेल्या, कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे रेल्वेत टीसी होता आणि 2024 ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला, हे त्याला जाता-येता बसमध्ये ऐकवलं.

पोरगं रमलं. दहा मीटरवरचं लक्ष्य, मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पुढे त्यानं स्वतःची एअर रायफल घेतली. 4.5 मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली, त्यामुळे परवान्याची गरज नाही. नाखवांना हे लागलं. "परवाना लागत नाय? मग घेतली कशाला?"

एकदा रेंजवरच्या प्रशिक्षकांनी आपणहून नाखवांना बोलावलं. या, मामा, तुम्हीही बसा. भाच्यानं दस्ता सरकवून माप लावून दिलं. खांदा बसला, गाल बसला, श्वास अर्धा सोडला. हे सगळं त्यांच्यासारखं तिथे कोणालाच येत नसेल. पण त्या चापाला काही ग्रॅमांचा दाब पुरतो, आणि उभ्या आयुष्यभर ओल्या दोरांनी ओढलेलं, बर्फानं सुजलेलं नाखवांचं ते बोट पूर्ण सरळ होतच नाही, पेरात काही जाणवतही नाही. छर्रा कधी सुटला ते त्यांना कळलं नाही. परत भरून दिला. परत तेच. छर्रे कागदावर कुठेतरी लागले. एवढ्या वर्षांच्या यादीत बोट कुठेच नव्हतं. त्यांनी रायफल फार हळू खाली ठेवली, नळी लक्ष्याकडेच ठेवून, नियमाप्रमाणे, आणि प्रशिक्षकांना विचारलं, "पोराचं कसं हाय?"

आता राहिलं कपाट. रायफल ठेवायला म्हणून नाखवांनी फार पूर्वीच एक जाड लोखंडी कपाट भिंतीत बोल्टांनी आवळून घेतलंय. किल्ली गळ्यात. रायफल येईपर्यंत रिकामं कशाला राहू द्यायचं, म्हणून वहिनींनी त्यात सुके बोंबील आणि सुकट ठेवायला सुरुवात केली. मांजराला आजतागायत ते फोडता आलेलं नाही. भाच्याच्या घरी जागा नाही, म्हणून त्याची एअर रायफल याच कपाटात असते. बोंबील बाहेर काढायला वहिनींनी साफ नकार दिला, कारण कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही, आणि हे त्यांनी नाखवांकडूनच वदवून घेतलं. वरळीला पोरानं पेटी उघडली की शेजारच्या लेनवरची दक्षिण मुंबईतली मंडळी नाकाला रुमाल लावतात आणि दोन लेन पलीकडे सरकतात. पोराला गर्दी मुळीच चालत नाही. त्याचा नेम सुधारतोय.