अनुदानाचे मुखदर्शन

बेरोजगाराने स्वतःचा धंदा काढावा म्हणून केंद्राने 2008 साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला. खेड्यातल्या सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के अनुदान, पदरचे फक्त 10 टक्के. ते कुठून आणायचे हे बेरोजगाराने आपले आपण बघायचे; सासरा असतोच. अनुदान आले तरी तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून पडून राहते. तोवर नुसते मुखदर्शन, पदस्पर्श नाही. छोट्या कर्जाला तारण नको, असा नियम आहे. तरी साहेब चष्म्यावरून बघत विचारतातच, "सातबारा कुणाच्या नावावर?" उरला प्रकल्प अहवाल. शेवयांच्या मशीनचा पाच वर्षांचा नफा कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला अर्ध्या तासात काढून देतो. योजनेवर गावात खरा धंदा चाललाय तो त्याचाच, आणि त्याने अर्ज कधी केलाच नव्हता.