तिसरीच्या बाई

तिसरीच्या बाई मोठ्या माणसाला त्याच्या नावाने ओळखत नाहीत. तो बँकेत शाखाधिकारी असो की एसटीत वाहक, त्यांच्या लेखी तो 'दुसऱ्या बाकावरच्या डावखुरीचे बाबा' एवढाच असतो. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या राहून त्या "अहो पालक, जरा इकडं या" अशी हाक मारतात आणि चाळिशीतले चार गडी एकदम खिशातले हात बाहेर काढतात.

या बाई आम्हाला साताऱ्यात, कन्येच्या मराठी शाळेत भेटल्या. पण त्या बार्शीत असतात, वर्ध्यात असतात, तुमच्या गल्लीच्या टोकालाही असतील. पहिलीचा पालक भांबावलेला असतो, त्याला सगळं माफ. तिसरीच्या पालकाला मात्र वाटत असतं की आता आपल्याला शाळा कळली. बाईंचं खरं काम इथून सुरू होतं. वर्गातली पोरं त्या शिकवतातच. त्यांचा अधिक जीव जातो तो घरच्यांना शिकवण्यात.

पहिल्या पालकसभेला त्या सगळ्यांना मुलांच्या बाकांवर बसवतात. गुडघे मावत नाहीत. कुणी म्हणतं, "बाई, खुर्च्या आणू का?" बाई म्हणतात, "राहू द्या. मुलं पाच तास बसतात, तुम्ही अर्धा तास बसा." मग खडू घेऊन त्या फळ्यावर दिवस मांडतात. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाचं प्रास्ताविक, दिनविशेष आणि एका मुलाने वाचलेली पेपरातली बातमी. त्यानंतर डोकी ताजी असताना भाषा आणि गणित. मग खिचडी. खिचडीनंतर अवघड काही शिकवायचं नाही, "कारण तेव्हा तुम्हालाही ऑफिसात झोप येते." शाखाधिकारी मान खाली घालतात.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न दर वर्षी तोच असतो. "बाई, आज शाळेत काय झालं म्हणून विचारलं की 'काही नाही' म्हणते." बाईंना या प्रश्नाची इतकी सवय आहे की त्या उत्तर देताना वह्यासुद्धा तपासत असतात. "अहो, आठ वर्षांच्या पोराला 'काय झालं' म्हणजे काय सांगायचं कळत नाही. दिवसभरात पाचशे गोष्टी झालेल्या असतात. तुम्ही बारीक विचारा. शेजारी कोण बसलं होतं? डब्यात कुणी काय आणलं? बाई कुणाला ओरडल्या? आणि दारातच विचारू नका, आधी खाऊ द्या." मी त्या संध्याकाळी, खाणं झाल्यावर, बाई कुणाला ओरडल्या एवढंच विचारलं. रात्री नऊपर्यंत उत्तर चालू होतं.

खरा झगडा गणितावर होतो. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे. घरोघरीचे बाबा सांगतात, "दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घे." एका मुलीने विचारलं, "मग तो परत कधी द्यायचा?" बाबांकडे उत्तर नव्हतं. बाईंकडे काड्यांचे गठ्ठे असतात, दहा-दहाचे, रबर लावलेले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात काड्या हव्यात तर एका गठ्ठ्याचं रबर काढायचं, सुट्या झाल्या बारा. कुणाकडून काही घेतलं नाही, कुणाचं देणं नाही. पुढच्या सभेत त्या बाबालोकांना गठ्ठे देऊन हेच करायला लावतात. एक बाबा वजाबाकी संपल्यावरही काड्या मोजत बसले होते. सव्वीस येत होत्या.

आजोबा मंडळी सभेला येतात ती खिंड लढवायला. "आम्हाला तिसरीत पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होती. आता पोरांना बाराचा पाढा येत नाही." बाईंनी एकदा शांतपणे खडू खाली ठेवला. "म्हणा ना आजोबा, दिडकी." मला वाटलं, आजोबा अडकणार. आजोबांनी न थांबता सगळी म्हटली, शेवटच्या ओळीला तर मांडीवर ताल धरला. बाई हरखल्या. म्हणाल्या, "मंगळवारी दुसऱ्या तासाला येत जा." तेव्हापासून आजोबा दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून जातात. तक्रार करायला आलेल्या माणसाला कामाला लावायची ही बाईंची जुनी खोड आहे.

तक्रारींवरून आठवलं. तिसरीचा वर्ग म्हणजे तक्रारींचं गाव. याने माझं खोडरबर घेतलं, तिने माझ्या ओळीत पाय टाकला, तो मला 'भोपळा' म्हणाला. बाईंचं एकच वाक्य असतं, "लिहून आण." आता 'त्याने माझी पट्टी फेकली' लिहायचं म्हणजे 'त्या'ही लिहायचं आणि 'ट्टी'ही. अर्ध्या तक्रारी जोडाक्षरांपाशीच मागे घेतल्या जातात. उरलेल्या अर्ध्या, बाईंच्या मते, वर्षातलं उत्तम निबंधलेखन असतं. त्या ते कागद जपून ठेवतात आणि दिवाळीनंतर पोरांना वाचून दाखवतात. तक्रार कुणाविरुद्ध होती हे फिर्यादीलाही आठवत नसतं.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र सगळ्यांना सगळं आठवतं. एका रात्री बाईंचा निरोप आला : 'उद्या ठसेकाम आहे. प्रत्येकाने एक भेंडी आणावी.' पुढचा तासभर फोन थरथरत होता. कोवळी की जून? धुऊन की न धुता? देठासकट का? पर्याय म्हणून बटाटा चालेल का? एका वडिलांनी विचारलं, 'एक म्हणजे एक किलो का?' सगळ्यांना एकेक उत्तर देण्याऐवजी बाईंनी एका भेंडीचा फोटो टाकला. तरीही सकाळी एका मुलाच्या डब्यातून परतलेली भेंडीची भाजी निघाली. बाईंनी ती खिचडीबरोबर सगळ्यांना थोडी थोडी वाढली.

खिचडीचंही एक गूढ आहे. सरकारी हिशेबाने पाचवीपर्यंतच्या मुलाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. घरच्या हिशेबाने आमचं मूल मटकीला हात लावत नाही. एक आई रोज वेगळा डबा द्यायच्या, 'तिला कडधान्य चालत नाही' म्हणून. बाईंनी त्यांना न सांगता एके दिवशी खिडकीशी उभं केलं. मुलगी दुसऱ्यांदा मटकीची उसळ मागत होती. आई दुखावल्या. बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या हाताला चव नाही असं नाही. इथं शेजारी तीस पोरं खातायत, म्हणून खाते ती."

बालभारती तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक ज्या त्या जिल्ह्यासाठी वेगळं काढत आली आहे. आमच्याकडे आलं ते सातारा जिल्ह्याचं. बाईंनी घरचा अभ्यास दिला : मोठ्यांना तालुके विचारून या. एका गृहस्थांचे दहाच झाले. कराड, पाटण, वाई, महाबळेश्वर, खंडाळा, फलटण, माण, खटाव, कोरेगाव, सातारा. अकरावा सापडेना. तो होता जावळी, आणि जावळीतलं मेढा ही त्यांची सासुरवाडी. दुसऱ्या दिवशी फाटकात बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "जावळी राहिली तुमची." घरी त्यांना आधीच पुरेसं ऐकवलं गेलं असावं.

जिल्ह्याचा अभिमान बाईंना अंमळ जास्तच आहे. ७ नोव्हेंबरला त्या पोरांना सांगतात की १९०० साली याच दिवशी भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव इथल्या, आपल्या साताऱ्यातल्या, सरकारी शाळेत दाखल झालं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा जन्मदिवस, आणि नायगाव पडलं खंडाळा तालुक्यात. त्या दिवशी वर्गातल्या झाडून सगळ्या मुली सावित्रीबाई होऊन येतात. जोतिराव एकच असतो, तोही मिशी चावते म्हणून दुसऱ्या तासाला रडतो.

मधूनच बाई गायब होतात. मतदारयाद्या येतात, ऑनलाइन माहिती 'आजच्या आज' भरायची असते. शेजारच्या वर्गाचे सर तेव्हा दोन्ही वर्ग सांभाळतात. बाई परतल्या की पोरं तक्रारींचे कागद घेऊन रांगेत उभी असतात.

सत्राखेरीस प्रगतिपत्रक मिळतं. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं, गुणांच्या जागी श्रेणी आल्या, तरी बाबालोकांचा जुना प्रश्न जात नाही. "बाई, पहिला नंबर कुणाचा?" "नंबर नसतात आता." "बरं, मग दुसरा कुणाचा?" श्रेणीखाली बाईंच्या वर्णनात्मक नोंदी असतात आणि त्या वाचायला सरावाची नजर लागते. 'आपले मत धीटपणे मांडते' म्हणजे दिवसभर बोलते. 'मित्रांना मदत करतो' म्हणजे उत्तरं दाखवतो. 'निरीक्षणशक्ती उत्तम' म्हणजे खिडकीबाहेर बघतो. आमच्या कन्येच्या पत्रकावर होतं, 'प्रत्येक उपक्रमात पुढाकार घेते.' अर्थ विचारायची मला हिंमत झाली नाही.

१ मेला निकाल हातात पडले की बाई वर्ग चौथीच्या सरांच्या ताब्यात देतात. यंदा मी पत्रक घ्यायला गेलो तेव्हा हेच चालू होतं. हिला पुढं बसवा, नंबर लागलाय चष्म्याचा, सांगत नाही. याला चारचौघांत रागावू नका, एकट्याला सांगा, ऐकतो. या दोघांना एका बाकावर नको. हा वाचताना अडखळला तर थांबा, शब्द तुम्ही पुरवू नका. सरांनी सगळं वहीत उतरवलं, वही मिटली आणि उठत म्हणाले, "पोरांचं कळलं बाई. पालकांचं काय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "बसा," त्या म्हणाल्या. "आणि नवीन वही काढा."