येथे थुंकावे

माझा भाचा कंपनीच्या कामाने फ्रान्सला गेला आणि एक रविवार साधून बोर्दोचे द्राक्षमळे पाहून आला. तेव्हापासून तो चहासुद्धा कप गरगर फिरवून, आत नाक खुपसून पितो. "मामा, तुम्हाला एकदा वाइन टेस्टिंगला नेतोच," असं त्याने इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी फेब्रुवारीत आम्ही निघालो. बोर्दोला नाही, नाशिकला. आमच्या ऐपतीत बसणारं फ्रान्स तेवढंच.

आमच्या उंबरमाळीहून कसारा एकच स्टेशन. तिथून शेअर गाडीने घाट चढलं की झालं. सोबत आमचे चुलते, नाना. "मी नुसती द्राक्षं बघीन," या अटीवर आलेले. खांद्याला पिशवी, गालात तंबाखू.

गाडीत भाच्याने ज्ञान दिलं. फ्रेंच मंडळी २०१३ पासून दिंडोरीत शाँदाँ नावाची फसफसती वाइन करतात, पण तिला शॅम्पेन म्हणायची सोय नाही. शॅम्पेन फक्त शॅम्पेन प्रांतातली. (आपण येवल्यात विणलेल्या साडीला बिनदिक्कत पैठणी म्हणतो. हा मोठेपणा फ्रेंचांना जमलेला नाही.)

आम्ही गेलो ती वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूला. तोडणी चालू होती. नानांनी घडातला एक मणी तोंडात टाकला आणि बिया तळहातावर काढून मोजल्या. "एवढंसं फळ, त्यात तीन बिया, साल ही अशी जाड. बाजारात कोण घेईल हे?" गाइड म्हणून एक तरतरीत मुलगी होती. तिने सांगितलं, वाइनला असंच लागतं; लाल वाइनचा रंग सालीतूनच उतरतो.

"पहिल्या धारेची कुठाय?" नानांनी विचारलं.

"आजोबा, इथे धार नसते. भट्टी नाही, ऊर्ध्वपातन नाही. रसातली साखर यीस्ट खातं आणि त्याची दारू होते."

"म्हणजे ताडीच की!"

मुलगी क्षणभर थांबली. भाच्याने बोर्दोला पैसे मोजून जे ऐकलं होतं, ते नानांनी तीन शब्दांत आटपलं होतं.

मग टेस्टिंग. पाच पेले, प्रत्येकात तीर्थाएवढी वाइन. पहिली आली शेनँ ब्लाँ. "शेणं?" म्हणून नानांनी पेला लांब धरला. हे फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातल्या द्राक्षाचं नाव आहे, हे पटायला वेळ गेला. पण वास घेतल्यावर 'बघण्याची' अट मोडली. मग टेबलावरच्या चकचकीत भांड्याकडे बोट दाखवून मुलगी म्हणाली, "गिळायची नसेल तर यात थुंका."

आयुष्यभर कसारा लाइनवर 'येथे थुंकू नये' वाचत आलेल्या माणसाला हे झेपेना. नानांनी दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाले, "विकत घेतलेली कोण थुंकतो?" आणि गिळली.

लाल वाइनपाशी मुलगी रंगात आली. ब्लॅकबेरी येतेय का, ब्लॅककरंट येतोय का? आम्ही गप्प. ही फळं आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेली नाहीत. मी भीत भीत म्हटलं, "करवंद येतंय. पिकलेलं, चीक गेलेलं." तिने पेला हुंगला आणि चक्क वहीत लिहून घेतलं. मला उगाच डॉक्टरेट मिळाल्यासारखं झालं.

"आणि शेवटी," ती डोळे मिटून म्हणाली, "हलकासा तंबाखू."

"ती माझी आहे," नाना म्हणाले.

जेवणाला तीन वाजले. परातीएवढी ताटली, मधोमध घासभर काहीतरी, भोवती हिरव्या सॉसची नक्षी. भाचा सांगत होता, फ्रान्समध्ये चीज गोडाच्या आधी येतं. नानांनी चीजचा चौकोन उलटसुलट केला, जपून खिशात ठेवला आणि पिशवीतून नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी काढली. दरवळ पार दुसऱ्या टेबलापर्यंत गेला. भाच्याने मान खाली घातली. मुलगी लगबगीने आली. मला वाटलं, बाहेर काढतात आता. तिने ताटलीकडे पाहिलं, गंभीरपणे विचार केला.

"याच्याबरोबर थंड शेनँ ब्लाँ चालेल."

"आण," नाना म्हणाले.

बिल भाच्याने दिलं. किती, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

रात्री उंबरमाळीला उतरलो तर पारावर चौघे वाटच बघत होते. "काय नाना, दारूच्या कारखान्यात गेलता म्हणे. चढली का?"

"कुठली चढते," नाना पिशवी सावरत म्हणाले, "कसारा घाट तेवढा चढलो."