चि. एकविसाव्या विद्यार्थ्यास

चि. किंवा कु. एकविसावा विद्यार्थी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तू अजून आमच्या शाळेत आलेला नाहीस. तू मुलगा की मुलगी, कुणाच्या घरचा, घरी बोली कोणती बोलतोस, काहीच ठाऊक नाही. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या तक्त्यात या गोष्टींना रकाना नाही, तेव्हा आम्हीही चौकशी करत नाही. तू एक आकडा आहेस आणि तो आम्हाला कमी पडतो आहे, एवढी ओळख पुरे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. पट २०. खिचडी वेळेवर शिजते, पोरे रोज येतात. पण विसांचे वीस हजर राहिले तरी ते वीसच भरतात, आणि वीस म्हणजे कमी पट.

हा आकडा आला कुठून, ते सांगून ठेवतो. उद्या कुणी विचारले तर अडायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या असे सांगितले. किती मुले उरली म्हणजे शाळा मोडायची, हे लिहायचे त्याला सुचले नाही. राज्याच्या २०११ च्या नियमांत वीस सापडतात, पण तिथे ते शाळा उघडण्यासाठी आहेत: एक किलोमीटरच्या आत सहा ते अकरा वयाची वीस मुले असतील तर शाळा काढा. या विसांना पुढे दुसरेच काम लागले. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचे ठरले. २०२३ मध्ये समूह शाळा आल्या. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करा, नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ बघा, असा आदेश. अशा शाळा तेव्हा १४ हजारांवर होत्या आणि त्यांत मुले १ लाख ८५ हजारांच्या घरात. एवढी पोरे एका शहरात असती तर त्यांच्यासाठी महामंडळ निघाले असते. वाड्यावस्त्यांवर विखुरली, म्हणून ती समस्या ठरली.

मग ५ सप्टेंबर २०२४ चा शासन निर्णय: वीस आणि त्याखालच्या पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी. तारखेकडे लक्ष दे. शिक्षकदिनाची भेट म्हणून ती प्रत आम्ही जपून ठेवली आहे. ओरड झाली तेव्हा त्याच महिन्यात विसाचे दहा झाले, आणि पुढे तो निर्णयही मागे पडला.

तुझ्या थोरल्या भावंडांविषयी ऐकले असशील. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, मतदारासारखी पोरांच्या बोटाला शाई लागली, तेव्हा कित्येक हजेरीपटांवर अशी मुले निघाली जी फक्त हजेरीपटावरच होती. त्यांच्या नावावर तुकड्या, पदे, अनुदान, तांदूळ. तेव्हा नसलेली मुले दाखवून शाळा चालत होत्या. आता असलेली मुले दाखवली की त्या बंद पडायला येतात. प्रशासकीय सुधारणा ती हीच असावी.

शाळा एकत्र करण्याचे हे सगळे संशोधनावर आधारलेले आहे, असे प्रशिक्षणात सांगतात. आम्हा खेड्यातल्या मास्तरांना मूळ कागद वाचायची खोड. शाळा-संकुलाची कल्पना कोठारी आयोगाची, १९६४ ते ६६ मधली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या माळावर काम केलेला माणूस. त्या संकुलात मध्ये एक माध्यमिक शाळा आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा तिला जोडलेल्या. पुस्तके, प्रयोगाचे साहित्य, शिक्षकांचा अनुभव सगळ्यांनी वाटून घ्यायचा. म्हणजे फिरायचे ते साहित्याने आणि मास्तरने. सहा वर्षांच्या पोराने नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीच कल्पना पुन्हा उचलली. देशातल्या जवळपास २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले आहेत, हा २०१६-१७ चा आकडाही दिला. आणि त्याच प्रकरणात बजावले की शाळा एकत्र करायच्याच तर फार जपून, मुलांच्या शाळेपर्यंत पोचण्याला धक्का लागणार नाही याची खात्री करून; शिवाय एवढ्याने मूळ दुखणे बरे होणार नाही. २८ टक्क्यांचे वाक्य मंत्रालयात पोचले. पुढचे घाटात अडकले असावे.

खरी गंमत वेगळीच आहे. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत २००१ च्या सुमारास ‘प्रथम’ संस्था आणि काही अर्थतज्ज्ञ यांनी एक प्रयोग केला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले दिवसाचे दोन तास बाजूला घ्यायची, आणि वस्तीतल्याच एका शिकलेल्या मुलीने, बालसखीने, त्यांना अडले असेल तिथून शिकवायचे. मुले सुधारली. पुढच्या प्रयोगांत इयत्ता बाजूला ठेवली, मुलाला जिथवर येते त्यावरून गट केले, तिथेही फरक पडला. या अर्थतज्ज्ञांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. आमच्याकडे हाच उद्योग रोज चालतो, कारण चार इयत्तांना खोल्या दोनच. तिसरीतल्या ज्याचे जोडाक्षर अडते तो दुसरीच्या घोळक्यात जाऊन बसतो. पहिलीतली जी वाचू लागली ती सरकत सरकत चौथीतल्या ताईपाशी पोचते. गट आम्ही पाडत नाही, ते पडतात. स्टॉकहोमला कळवले असते, पण शाळेत रेंज येत नाही. डी.एड.ला मात्र आम्हाला शिकवले ते एका खोलीत एक इयत्ता आणि एक शिक्षक असे धरून, आणि ‘असर’च्या २०२४ च्या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांचा पट साठच्या आत निघाला. संशोधक मुलांना काय येते ते मोजतात. आमच्याकडे मोजतात ती डोकी, आणि डोक्यात काय आहे ते पाहायला वेळ मिळत नाही, कारण मोजलेली डोकी पोर्टलवर भरायची असतात.

मी लहान शाळेची आरती करत नाही, बाळा. कबड्डीचे दोन संघ करायला चौदा जण लागतात. विसांतली पहिलीची चिल्लीपिल्ली वगळली की सामना होत नाही. जोडीदार मास्तर मतदारयाद्यांच्या कामाला गेला की चारही इयत्ता एकाच्या गळ्यात. चारच पोरे उरलेल्या वाडीवर वेगळा विचार करावा लागेल, हे मलाही पटते. पण तो विचार त्या वाडीची वाट पायी चालून करावा. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, हे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली तेव्हा सरकारच्या ध्यानात आले. नकाशावर ते पाणी निळे आणि अंतर थोडेच दिसत असणार. आणि शाळा लांब गेली म्हणून मिळणारा वाहतूक भत्ता बँकेत जमा होतो. पावसाळ्यात ओढा त्याला विचारून उतरत नाही.

तर, तू येच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला असलास तर मोठी सोय आहे: मोजणी ३० सप्टेंबरला, टोळी निघते दसरा-दिवाळीच्या सुमारास. मोजेपर्यंत तू गावातच. पुढे फडावर पाचट गोळा करत काय शिकलास, हे संचमान्यतेत विचारत नाहीत. चैत्रात परतल्यावर वाचन विसरलेला असशील, तर तो आकडा दुसऱ्या अहवालात जातो. पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जात असलास तरी हरकत नाही, बस आमच्या दारावरूनच जाते, खिडकीतून हाक मार. येताना आधार कार्ड घेऊन ये. नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळायला हवे. आधार वैध नसले तर तू बाकावर बसून बाराचा पाढा म्हणत असलास तरी नसतोस.

पाटी-दप्तराची काळजी करू नकोस, ते आम्ही पाहू.

तुझा,
अद्याप न भेटलेला गुरुजी

ता. क. धाकटी भावंडे असतील तर त्यांनाही घेऊन ये. पुढच्या शासन निर्णयात आकडा कोणता असेल, ते केंद्रप्रमुखांनाही सांगता येत नाही.